हनुवटीला टाके, दुखणं कानापुढे

या दातांच्या सदराला आलेल्या यंदाच्या टपालात किडक्या दातांपेक्षा पडझडीची पत्रं जास्त आहेत. मे महिन्यात मुंबईची पोरं गावी येतात. त्यांना गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, चालायची सवय नसते, आणि गावच्या पोरांना त्यांच्यासमोर मिरवायचं असतं. पुढे पाऊस लागतो आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. सगळी पत्रं जबड्याचीच निघाली, म्हणून हे सदर यावेळी तेवढ्यावरच. पत्रं थोडी आटोपली आहेत, नावं छापलेली नाहीत.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. गडग्यावरून उडी मारताना हनुवटीवर आपटला. गावच्या डॉक्टरांनी चार टाके घातले, जखम छान भरली. पण आठवडा झाला तरी तो नीट चावेना, आणि तोंड उघडताना हनुवटी उजवीकडे जाते. सीटी स्कॅनमध्ये उजव्या कानापुढचं हाड मोडल्याचं कळलं. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून प्लेट लावू. दुसरे म्हणतात मऊ खाऊ घाला आणि तोंडाचा व्यायाम करा, बस्स. माझे यजमान मुंबईला असतात. ते फोनवर चिडतात, ‘हाड मोडलंय आणि व्यायाम कसला करायचा?’ कुणाचं ऐकू? — एक आई, देवगड तालुका

ताई, तुमच्या पत्रात आणखी काही वावगं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. यजमानांनाही हे पत्र वाचायला द्या, कारण त्यांचा प्रश्न रास्त आहे. हात मोडला की आपण तो बांधून ठेवतो. मग जबडा मोकळा का सोडायचा?

आधी हाड मोडलं कसं ते बघू. घरचं उखळ-मुसळ डोळ्यांसमोर आणा. खालच्या जबड्याला मागे दोन्ही बाजूंना वर जाणारे दोन दांडे असतात, आणि प्रत्येकाचं टोक कानापुढच्या खोबणीत बसतं. या टोकाला आम्ही कॉन्डाइल म्हणतो. मूल हनुवटीवर पडलं की मार जागच्या जागी राहत नाही. दोन्ही मुसळं वर जाऊन उखळात आदळतात. हनुवटीचं कातडं फाटतं, ते सगळ्यांना दिसतं. कॉन्डाइल मोडतो, तो कुणाला दिसत नाही. कधी एका बाजूचा, कधी दोन्ही बाजूंचे. एकाच बाजूचा मोडला असेल तर तोंड उघडताना हनुवटी मोडक्या बाजूला ओढली जाते. तुमच्या मुलाची उजवीकडे जाते, म्हणजे सीटीच्या आधी तुमच्या डोळ्यांनीच निदान केलं होतं.

आता व्यायामाचं. लहान मुलाच्या कॉन्डाइलला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि जबडा अजून वाढत असतो. मोडलेलं टोक वाकडं बसलं तरी तोंड हलत राहिलं, चावणं चालू राहिलं, की महिन्या-महिन्याने तिथलं हाड स्वतःला घडवत जातं. मोठ्या माणसात हे इतकं होत नाही. पण याच सांध्यात रक्त साकळलेलं असतं. दुखतं म्हणून मूल तोंड मिटूनच बसलं, किंवा कुणी ते महिनाभर तारेने बांधून ठेवलं, तर त्या रक्ताचा आधी चिवट तंतू होतो आणि मग हाड. कवटी आणि जबडा एकमेकांना चिकटतात. पाच वर्षांखालच्या मुलांत हा धोका जास्त. तुमचा सात वर्षांचा आहे, म्हणून सुटला असं समजू नका.

प्लेट कधी लावावी लागते? टोक खोबणीतून निसटून कवटीच्या पोकळीत घुसलं असेल, तुकडा मध्ये अडकून तोंड उघडतच नसेल, सांध्यात बाहेरचं काही घुसलं असेल, किंवा काही केल्या दात जुळत नसतील, तर. एरवी त्या जागी सुरी लावायची म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या अंगणातून जायचं. तीच नस डोळा मिटवते आणि ओठ हलवते. शिवाय आतले व्रण सांधा आखडायला मदतच करतात. दात थोडे जुळत नसतील तर सात ते दहा दिवस वरचे-खालचे दात रबरांनी हलकेच एकत्र धरतात आणि सोडून देतात. त्यापुढे नाही.

व्यायाम असा. आरशासमोर बसवा. वरच्या आणि खालच्या दातांमधली मधली रेघ एका ओळीत ठेवून सावकाश तोंड उघडायचं. हनुवटी उजवीकडे पळायला लागली की बोटाने हलकेच अडवायची. दहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. दुखत असेल तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल अर्धा तास आधी द्या. दुखण्याच्या भीतीने व्यायाम बुडवू नका. माप त्याच्याच हाताचं घ्यायचं. त्याची स्वतःची तीन बोटं, तर्जनी-मधलं-अनामिका, उभी दातांमध्ये गेली पाहिजेत. सातव्या वर्षी पुढचे दात पडलेले असतात, मग सुळ्यांपाशी मोजा, पण दर वेळी तिथेच मोजा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड करून दातांमध्ये धरायला लावली तर पोरांना खेळ वाटतो. आज अकरा गेल्या, परवा बारा जायला हव्यात. कॅलेंडरवर आकडा लिहा. आकडा उलटा फिरला, काल बारा आणि आज नऊ, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

याबाबतीत मी इतका टुमणं लावणारा का झालो तेही सांगतो. दवाखाना उघडून दोन-तीन वर्षं झाली असतील. श्रावणात एका चार वर्षांच्या मुलीला आणलं, विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर घसरली होती. हनुवटी फाटलेली. केसाएवढ्या बारीक दोऱ्याने मी पाच टाके घातले आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. आठव्या दिवशी टाके काढले, व्रण शोधावा लागत होता. दीड वर्षाने तिची आजी तिला घेऊन आली. घावण्याचे दोन बोटं रुंदीचे तुकडे करून ती नातीला भरवत होती, दात एकमेकांवर ठेवलेले आणि तुकडा फटीतून आत सरकवायचा. ‘डॉक्टर, चेडवाचा तोंड उघडना नाय,’ म्हणाली. माझी करंगळीसुद्धा आत जाईना. हनुवटी आत गेली होती, घास अडकत होता, रात्री घोरत होती. पडल्या दिवशी मी तिच्या कानापुढे बोटं ठेवली नव्हती. साधी बोटं. फटीएवढं तोंड, त्यामुळे भूल द्यायची नळी तोंडातून जाणार नव्हती. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नाकातून दुर्बिणीने नळी घातली, जमलेलं हाड कापून काढलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं व्यायाम. आता ती तोंड भरून बोलते. हनुवटी मात्र थोडी मागे राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून हनुवटी फाटलेलं पोर आलं की टाक्याच्या आधी माझ्या दोन्ही करंगळ्या त्याच्या दोन्ही कानांत जातात, मऊ बाजू पुढे करून. ‘आ कर, मीट, परत आ कर.’ सांधा बोटाखाली सरकतो तो कळतो. एका बाजूला सरकला नाही, किंवा पोर किंचाळलं, की एक्स-रे काढायचा. कानातून रक्त आलं असेल तर ते कानाचंच असं धरून चालू नका. कॉन्डाइल मागे ढकलला गेला तर कानाच्या नळीची पुढची भिंत फाटते. तुमच्या गावच्या डॉक्टरांवर रागावू नका ताई. मी या विषयात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, घेऊनही तेच केलं होतं.

नात पाच वर्षांची. काकाच्या स्कूटरवर पुढे उभी होती, पडली. खालचा जबडा पुढे, दातांच्या मधोमध मोडला. गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेली. तिथे तिच्या दातांवर प्लास्टिकची टोपी बसवली आणि हाडाभोवतून तार फिरवून बांधली. माझ्या भाच्याला, तो तीस वर्षांचा, असाच मार लागला तेव्हा टायटॅनियमच्या दोन प्लेटी घातल्या होत्या. पोरीला हलकं काम केलं की काय असं मनात येतं. तिला खायला काय द्यावं तेही सांगावं. — एक आजोबा, वेंगुर्ले

आजोबा, काम हलकं नाही. उलट तिथल्या डॉक्टरांनी विचार करून केलंय.

फणस कापून बघितलात ना कधी? आत नुसते गरे, एकाला एक खेटून, आणि प्रत्येक गऱ्यात आठळी. पाच वर्षांच्या मुलाचा जबडा तसा असतो. वर दुधाचे दात दिसतात, आणि हाडाच्या पोटात पक्क्या दातांचे अंकुर दाटीवाटीने बसलेले. तुमच्या भाच्याच्या हाडात स्क्रू घालायला मोकळी जागा होती. नातीच्या हाडात जरा वर स्क्रू घातला की तो आठळीतच जाणार. मग तो पक्का दात वाकडा येतो, डागाळलेला येतो किंवा येतच नाही.

दातांना तारा गुंडाळाव्यात तर दुधाचे दात त्यालाही नीट पुरत नाहीत. त्यांची मुळं आखूड, काहींची झिजायला लागलेली, आणि आकार असा की तार वर सरकून निघते. म्हणून टोपी, म्हणजे स्प्लिंट. दातांचं माप घेतात आणि प्लास्टरचा साचा करतात. मोडलंय तिथे तो साचा करवतीने कापतात, दात जुळतील असा परत जोडतात, आणि त्यावर अॅक्रिलिकची टोपी घडवतात. मग भूल देऊन टोपी दातांवर बसवली की मोडलेली दोन टोकं आपोआप जागेवर येतात. तार हाडाच्या खालून फिरवून टोपीवर आवळतात. हनुवटीखाली दोन-तीन टिंबं दिसतील, ती तारेच्या सुईची. ही टोपी फक्त खालचा जबडा धरते, तोंड बंद करत नाही. आजोबा, हे ध्यानात घ्या, नात बोलू शकते, खाऊ शकते आणि तुमच्याशी भांडूही शकते.

ही युक्ती जुनी आणि कसाला उतरलेली आहे. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड घोडागाडीतून पडले आणि त्यांचा जबडा मोडला, तेव्हा न्यूयॉर्कचे दंतवैद्य थॉमस गनिंग यांनी कडक रबराची स्प्लिंट त्यांच्या तोंडात बसवली होती.

हाड खूप सरकलेलं असेल किंवा दोन-तीन ठिकाणी मोडलं असेल तर मुलांनाही प्लेट लावतात. लहानशी, अगदी खालच्या कडेला, आणि स्क्रू हाडाच्या बाहेरच्या पापुद्र्यातच थांबणारे. दोन-तीन महिन्यांनी ती सहसा काढून टाकतात, वाढत्या हाडात धातू राहू देत नाहीत. अंगात विरघळणाऱ्या प्लेटीही निघाल्या आहेत, त्या महाग पडतात.

तुम्ही पोरीला लगेच नेलीत हे फार बरं केलंत. मुलांचं हाड इतक्या झपाट्याने जुळतं की चार-पाच दिवसांतच तुकडे चिकटायला लागतात, मग वाकडे चिकटले तर सोडवायचा त्रास. टोपी दोन ते तीन आठवड्यांत निघेल. तुमच्या भाच्याच्या वयाला याच कामाला चार ते सहा आठवडे लागले असते.

खाण्याचं. टोपी असेपर्यंत दातांनी तोडायचं काहीच नको. सकाळी तूप-मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, मुगाचं कढण. दुपारी गुरगुट्या भात आणि पातळ कुळथाची पिठी, तिखट कमी. माशाशिवाय जेवण जात नसेल तर सार गाळून घ्या, काटा टोपीखाली गेला तर काढता येत नाही. हापूसचा रस, शहाळ्याची कोवळी मलई, दही. सोलकढी द्या, हिरवी मिरची वगळून. आठवड्याला एकदा वजन करा, ते घटता कामा नये. प्रत्येक खाण्यानंतर चूळ, आणि डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडिन हे चूळ भरायचं औषध सांगतील तितके दिवस. टोपीच्या कडेने मऊ ब्रश फिरवा. वास यायला लागला, हनुवटीखाली सूज वाढली किंवा ताप आला तर थेट बांबोळी गाठा.

पुढे एक काम तुमच्याकडे. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे पुढचे पक्के दात येतील. मोडलेल्या जागेजवळचा एखादा उशिरा आला तर ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढून बघायचं. वर-खालचे दात आता तंतोतंत बसत नसले तर घाबरू नका. दुधाचे पडून पक्के येताना थोडाफार फरक मुलांचं तोंड स्वतःच भरून काढतं.

आणि काकाला सांगा, मूल स्कूटरवर पुढे उभं करायचं नाही. ब्रेक लागला की हँडलचा मधला भाग बरोबर हनुवटीच्या उंचीला येतो.

शाळेच्या मैदानावर मूल तोंडावर पडलं तर डॉक्टर मिळेपर्यंत आम्ही काय करावं? आमच्या शाळेपासून तालुक्याचं रुग्णालय पाऊण तासावर आहे. — एक शिक्षिका, गुहागर तालुका

बाई, सगळ्यात आधी, उताणं झोपवू नका. शुद्धीवर असेल तर बसवून पुढे वाकवा, रक्त आणि लाळ बाहेर पडू द्या. जबडा पुढे मोडला असेल तर जिभेला आधार राहत नाही, उताणं झोपवलं की ती मागे पडते आणि श्वास अडतो. शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील किंवा मान दुखते म्हणत असेल, तर मान न हलवता १०८ ला फोन करा. तेव्हा डोकं आणि मान आधी, जबडा नंतर.

रक्त येतंय तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा. हळद, चुना, तंबाखूची मशेरी यातलं काही जखमेत नको. हनुवटीखालून डोक्यावर घट्ट फडकं बांधायची पद्धत आहे, तीही नको. घट्ट बांधलं की मोडका जबडा मागे दाबला जातो. मुलाला स्वतःच्या तळहातावर हनुवटी टेकून बसू द्या, त्याला बरं वाटेल तसं ते धरतं.

मग तोंडात बघा. जिभेखाली काळंनिळं झालं असेल तर तो जबडा मोडल्याचा मोठा संशय. दातांच्या रांगेत पायरी पडली आहे का? ‘दात नेहमीसारखे बसतात का?’ हे मुलाला विचारा, या उत्तरात पोरं सहसा चुकत नाहीत. आणि दात मोजा. पडलेला दात मातीत शोधा. पक्का असेल तर पांढऱ्या बाजूने धरायचा, मूळ चोळायचं नाही. दुधात किंवा पाण्यात क्षणभर धुवायचा आणि जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवायचा. जबडाच मोडलेला दिसत असेल किंवा मूल गुंगीत असेल तर बसवत बसू नका, दुधाच्या पेल्यात टाकून सोबत आणा. अर्ध्या तासात काम झालं तर दात वाचायची आशा चांगली. शहाळ्याचं पाणी चालेल का, असं आमच्याकडे हमखास विचारतात. ते आंबटसर असतं, दूध बरं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या अंकुराला इजा होते. सहा वर्षांखालच्याचा पुढचा दात बहुतेक दुधाचाच असतो.

मुलगी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा कॉन्डाइल मोडला होता, व्यायामाने तोंड पूर्ण उघडतं. तीन बोटं जातात. डॉक्टर दर वर्षी बोलावतात. आता काही दुखत नाही, मग कशाला जायचं? — एक वडील, चिपळूण

कारण ती अजून वाढते आहे. खालचा जबडा ज्या जागांवर वाढतो त्यातली एक मोठी जागा म्हणजे हा कॉन्डाइल. तिथे मार बसल्यावर बहुतेक मुलं काही फरक न पडता वाढतात. काहींत ती बाजू मागे पडते आणि हनुवटी त्या बाजूला झुकत जाते. तुमच्या मुलीत झुकली तर डावीकडे झुकेल. हे वर्षभरात हळूहळू होतं, रोज बघणाऱ्याला कळत नाही. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा फरक उठून दिसतो. लवकर लक्षात आला तर दातांच्या डॉक्टरांकडून तोंडात घालायचं उपकरण मिळतं, आणि वाढीच्या दिवसांत त्याचा उपयोग होतो. उशीर झाला तर वाढ थांबेपर्यंत वाट बघून ऑपरेशनच उरतं. म्हणून सोळा-अठरा वर्षांपर्यंत वर्षातून एकदा.

घरी दोन गोष्टी करा. एक, आइस्क्रीमची काडी आडवी दातांत धरायला लावा आणि समोरून बघा, ती डोळ्यांच्या रेषेला समांतर हवी. दोन, दर वर्षी गणपतीला सगळे जमता आणि मखरासमोर फोटो होतोच. त्याच दिवशी हिचा एकटीचा एक फोटो काढा. समोरून, मान सरळ, दात मिटलेले, केस कानामागे. तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवून बघा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे घेऊन जा. फोटोत हसायचं नाही हे मात्र तिला तुम्हीच पटवा. माझ्याकडे आलेल्या दहा फोटोंत नऊ पोरं दात काढून हसत असतात.